लांबून दुरुस्ती की दुकानात? कॉम्प्युटर कुणाच्या हाती द्यायचा

कोल्हापुरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथं छोटा कारखाना चालवणाऱ्यांना हा पेच ओळखीचा आहे. जीएसटीची २० तारीख तोंडावर, हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली अडकलेलं, आणि सपोर्टवाला फोनवर म्हणतो, "एनीडेस्क उघडा आणि नंबर सांगा." एनीडेस्क म्हणजे आपला कॉम्प्युटर दुसऱ्याला लांबून चालवू देणारं ॲप; त्यातला नंबर दिला की तो आत येऊ शकतो. सांगावा, की मशीन उचलून राजारामपुरीतल्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावं?

त्याआधी बघायचं ते एकच: फोन कुणी केला? बिलावर छापलेल्या नंबरवर तुम्ही केला असेल तर पुढचा विचार करा. समोरून आला असेल, किंवा स्क्रीनवर "व्हायरस सापडला, या नंबरवर बोला" असं झळकलं असेल, तर विचारच नको, फोन ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. गुगलवर सापडलेला 'कस्टमर केअर' नंबरही त्याच माळेतला समजा.

माणूस खात्रीचा असेल, तर मला लांबूनची दुरुस्ती दुकानापेक्षा बरी वाटते. बरेच जण उलट समजतात. पण दुकानात मशीन दोन दिवस पडून राहतं, पासवर्ड आपणच चिठ्ठीवर लिहून देतो, आणि आधारच्या प्रती, घरचे फोटो, ब्राउझरमधले पासवर्ड आपल्या नजरेआड जातात. लांबून काम चालतं तेव्हा कर्सर आपल्यासमोर फिरतो, शंका आली की इंटरनेट बंद करता येतं. फक्त समोर बसायला हवं. चहाला उठायचं नाही. आणि मध्येच स्क्रीन काळी झाली तर कारण विचारत बसू नका, थेट इंटरनेट तोडा.

साधनातही फरक आहे. विंडोजमधल्या क्विक असिस्टमध्ये कोड मदत करणारा देतो, तो थोड्या वेळात बाद होतो, आणि माउसचा ताबा द्यायचा का हे तुम्हाला वेगळं विचारलं जातं. एकदा मदत करून घ्यायची तर हेच निवडा. एनीडेस्क सोयीचं आहे, पण त्यात कायमचा पासवर्ड ठेवून तुमच्या परवानगीशिवाय पुन्हा शिरता येतं. काम संपल्यावर ती सोय बंद आहे ना हे पाहा, नाहीतर ते काढूनच टाका.

मोबाईलवर मात्र असलं ॲप कुणी सांगितलं तरी घेऊ नका. ओटीपी आणि यूपीआय तिथंच असतं. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं, ते याच फसवणुकीमुळे. कॉम्प्युटरवरही दुसरा आत असताना नेट बँकिंग उघडायचं नाही.

हार्ड डिस्क आवाज करते, मशीन सुरूच होत नाही, तेव्हा दुकानाला पर्याय नाही. हिशेबाचा बॅकअप पेनड्राइव्हवर आधीच असू द्या, आणि जमेल तर समोर बसून काम करून घ्या.

पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि बँकेला फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचं.