इथिओपियन मुलीचे कुरळे केस: मोकळे, पीळ, शुरुबा की आखूड?

इथिओपियाने जानेवारी 2018 मध्ये परदेशी कुटुंबांना मूल दत्तक देणं बंद केलं. त्यामुळे अमेरिकेत, स्पेनमध्ये, इटलीत तिथून आलेली मुलं आता शाळकरी वयाची किंवा त्याहून मोठी आहेत. त्यांचे केस कसे ठेवायचे हे ठरवताना दत्तक घेतलेल्या आईबाबांना काय झेपेल एवढंच बघून आता चालत नाही. दोन-चार वर्षांत मुलीला स्वतःच्या हातांनी काय जमेल, तेही बघावं लागतं. आम्ही खालचे चार पर्याय याच नजरेने तोललेत. मुलगी म्हटलंय, पण मुलग्यांनाही हेच लागू.

आधी केसाबद्दल. अशा कुरळ्या केसाचा आडवा छेद गोल नसून चपटा असतो, आणि प्रत्येक वळणावर केस कमकुवत असतो. टाळूचं तेल वळणांवरून टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून मुळं तेलकट असली तरी टोकं कोरडीच राहतात. वाढही सावकाश: सरळ आशियाई केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, तर आफ्रिकी वंशाचे घट्ट कुरळे केस पाऊण सेंटिमीटरच्या आसपास. तुटलेला केस भरून यायला म्हणूनच फार वेळ लागतो. त्यातही इथिओपियात एकाच प्रकारचे केस नाहीत. काहींची वेटोळी बोटाएवढी सैल असतात, काहींची पेन्सिलीपेक्षा बारीक. केस धुऊन, काहीही न लावता वेटोळ्यांची जाडी बघा. निवड बरीचशी त्यावरच ठरते.

टाळूही तपासा. गोल चट्टा, कोंड्यासारखी खपली आणि मुळाशी तुटलेले केस दिसले तर ती बुरशी, म्हणजे गजकर्ण असू शकतं. नुसतं मलम मुळापर्यंत पोचत नाही, पोटातून औषध घ्यावं लागतं. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वेण्या घालू नका, कारण त्याखाली चट्टा झाकला जातो.

मोकळे केस सैल वेटोळ्यांना शोभतात. आठवड्यातून एकदा धुणं आणि रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं, एवढं पुरतं. स्प्रेच्या बाटलीत चार भाग पाणी आणि एक भाग कंडिशनर घालून केस ओलसर करायचे आणि बोटांनी सोडवायचे. सुती अभ्रा ओल शोषतो आणि घासतो, म्हणून उशीला सॅटिनचा अभ्रा घाला. घट्ट वेटोळ्यांचे केस मात्र रोज मोकळे ठेवले तर रात्रीतून गुंततात, मानेजवळ जट होते आणि सकाळी शाळेच्या घाईत ती ओढली जाते. तिथे हा पर्याय रोजच्यासाठी नको, सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा.

दोन पेडी पीळ हा आमच्या मते बहुतेक घरांसाठी सगळ्यात चांगला पर्याय. धुतलेल्या केसांचे चार भाग करून क्लिपा लावा. एकेका भागात भरपूर कंडिशनर घालून आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने सोडवा. सुरुवात टोकाकडून करा, मग हळूहळू वर मुळाकडे या. कंडिशनर धुतल्यावर टॉवेलने चोळू नका, जुना सुती टी-शर्ट दाबून पाणी टिपा. केस ओलसर असतानाच दोन-तीन सेंटिमीटरचा चौकोन घ्या, मटारएवढं क्रीम लावा, दोन पेड करून एकमेकांभोवती गुंडाळा आणि टोक बोटावर वळवून सोडा. सगळं डोकं व्हायला सुरुवातीला अडीच-तीन तास लागतात, हात बसला की दीड.

बिघडतं ते तीन ठिकाणी. केस कोरडे असताना पीळ घातला तर दुसऱ्या दिवशीच पिंजारतो. सैल केसांत टोकं सुटतात. तिथे शेवटचे तीन सेंटिमीटर तीन पेडी वेणी घाला. आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस ठेवला तर रोजचे गळालेले केस पिळातच अडकून मुळाशी गुंता होतो. आठ-दहा दिवस ठीक. नऊ-दहा वर्षांची मुलगी पुढचे पीळ स्वतः घालायला शिकू शकते, मागचे मोठ्यांनी घालायचे.

शुरुबा म्हणजे टाळूला चिकटून मागे नेलेल्या बारीक वेण्या, मानेजवळ केस मोकळे फुललेले. उत्तर इथिओपियातल्या तिग्राई प्रांतात ऑगस्टमधल्या अशेंदा सणाला मुली अशा वेण्या घालून नटतात. आपल्यासारखं दिसणाऱ्या बाईच्या हातून, आपल्याच गावची वेणी घालून घेणं मुलीला किती मोलाचं वाटतं, हे लक्षात घ्या. वॉशिंग्टनजवळच्या सिल्व्हर स्प्रिंगसारख्या भागांत इथिओपियन वस्ती मोठी आहे, तिथे ही वेणी घालणाऱ्या बायका मिळतात. पण काम नाजूक आहे. कपाळाजवळ बारीक पुळ्या, ताणलेली कातडी किंवा झोपू न देणारी ठणक असेल तर वेणी घट्ट झालीये. "दोन दिवसांत सैल होईल" असं कोणी म्हटलं तरी त्याच रात्री पुढच्या वेण्या सोडा. असा ताण वर्षानुवर्षं पडला तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे जातात. दोन-तीन आठवड्यांनी सोडायच्या आणि पुन्हा घालण्याआधी आठवडाभर टाळूला विश्रांती द्यायची.

आखूड केस, दोन-तीन सेंटिमीटर, रोज पोहणाऱ्या मुलांना सोयीचे. फक्त निर्णय मुलाचा हवा. गुंता सुटत नाही म्हणून रागाने कात्री लावू नका. मोठे केस ठेवून पोहायचं असेल तर आधी साध्या पाण्याने भिजवून कंडिशनर लावा, मग टोपी. भिजलेला केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतो.

काय लावायचं, यावर मराठी घरात खोबरेल आधी पुढे येतं, आणि ते चूक नाही. मुंबईतल्या संशोधकांच्या 2003 च्या अभ्यासात खोबरेल केसाच्या आत शिरून प्रथिनांची झीज कमी करतं असं दिसलं. सूर्यफूल तेल आणि खनिज तेलाने तसं झालं नाही. म्हणून न्हाण्याआधी तासभर, दोन-तीन चमचे, लांबीला लावा. पण तेल म्हणजे ओलावा नव्हे. कोरड्या केसावर रोज चंपी केली तर केस चकचकीत दिसतो आणि तरीही तुटतो. आधी पाणी, मग क्रीम, शेवटी तेलाचा हात. खोबरेल 24 अंशांखाली गोठतं, त्यामुळे थंड देशात हिवाळ्यात शिया बटर शेवटच्या थरासाठी बरं. ते जाड असतं, घट्ट वेटोळ्यांना चालतं, सैल केस मात्र चिपकून बसतात. इथिओपियात केसांना ताजं बिनमिठाचं लोणीही लावतात. हौसेने लावायचं असेल तर तासाभराने धुऊन टाका, नाहीतर वास धरतं. मसाला घालून कढवलेलं लोणी स्वयंपाकाचं, ते केसांना नको.

शिकेकाईची पूड वेटोळ्यांत अडकते आणि केस रखरखीत करते, ती टाळा. बारीक दातांची फणी फक्त उवांसाठी, तीही कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत.