पीएम सूर्यघरची सबसिडी: कोकणातल्या घराला कितपत पुरते?

पीएम सूर्यघर ही घराच्या छतावर सौर पॅनेल बसवण्यासाठीची केंद्र सरकारची योजना. तिची सबसिडी पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. एकूण ७८,०००, आणि पाच किलोवॉट बसवलेत तरी तेवढेच. २०२४च्या फेब्रुवारीत सुरू झालेली ही योजना २०२६-२७पर्यंत आहे. महिन्याला अडीच-तीनशे युनिट जाळणाऱ्या घराने ती घ्यावीच. पण ही सबसिडी बिल कमी करते, वादळात दिवे पेटते ठेवत नाही. कोकणात हा फरक आधीच कळायला हवा.

वीज गेली की साधा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारेला जोडलेला, बॅटरीशिवायचा इन्व्हर्टर भर उन्हातही बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला उलटा करंट लागू नये म्हणून ते बंधन आहे आणि ते योग्यच आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती. नुसती पॅनेल असती तरी ती घरे अंधारातच राहिली असती. बॅटरीला या योजनेत एक रुपयाही मिळत नाही, हा तिचा आपल्या भागापुरता सर्वांत मोठा उणेपणा. मात्र हायब्रिड, म्हणजे बॅटरीही जोडता येणारा इन्व्हर्टर चालतो आणि पॅनेलची सबसिडी तशीच मिळते. म्हणून बॅटरी आज परवडत नसली तरी इन्व्हर्टर हायब्रिडच घ्या, नाहीतर पुढे तो बदलण्याचा खर्च पुन्हा पडतो. ५ युनिट क्षमतेच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून चारेक युनिट वापरता येतात: चार पंखे, दिवे आणि फ्रिज यांची एक रात्र निघते. विहिरीचा पंप त्यावर टाकू नका. एक एचपीची मोटर सुरू होताना चार-पाच पट करंट ओढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. बॅटरीवरच्या पॉइंटांची वायरिंग वेगळ्या डीबीवर (वितरण पेटीवर) काढून घ्या.

नेट मीटर तारेत गेलेली आणि तारेतून घेतलेली, दोन्ही वीज मोजतो; त्याचा हिशोब आपल्या हवामानाला सोयीचा आहे. जादा युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात आणि ३१ मार्चला खाते मिटते. एप्रिल-मेमध्ये साठलेले युनिट जून-जुलैत, उत्पादन निम्म्यावर येते तेव्हा, कामी येतात. मार्चअखेर उरलेल्यांना मात्र फार कमी दर मिळतो, त्यामुळे गरजेपेक्षा मोठी सिस्टीम बसवण्यात अर्थ नाही.

कोटेशनमध्ये 'तीन किलोवॉट' एवढेच लिहिलेले असेल तर थांबा. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतली जी क्षमता कमी, त्यावर सबसिडी ठरते. ५४० वॉटची पाच पॅनेल म्हणजे २.७ किलोवॉट, ७८,००० मिळत नाहीत, सहावे लागतेच. पॅनेल डीसीआर, म्हणजे सेलही भारतात बनलेले हवेत. नसले तर सबसिडी नाही.

कागदांत सर्वांत जास्त अडते ते बिलावरचे नाव. घर सामायिक, मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर आणि बँक खाते मुंबईतल्या नातवाचे, असे प्रकरण पुढे सरकत नाही. महावितरणकडे नावबदल आधी करा, योजनेच्या पोर्टलवर नोंदणी नंतर. जोडणी घरगुतीच हवी.

सबसिडीत वाचलेले पैसे स्ट्रक्चरवर घाला. खाऱ्या हवेत साधे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप दोन पावसाळ्यांत गंजायला लागतात. ८० मायक्रॉनचे हॉट डिप गॅल्व्हनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला मुलामा) आणि ३१६ ग्रेडचे स्टेनलेस बोल्ट मागा. जागेवर वेल्डिंग करू देऊ नका, कारण झिंक जळते आणि गंज तिथूनच धरतो. कौलांवर थेट काही ठोकू नका, पागोळी घरात येईल; खालून खांब काढावे लागतात किंवा पडवीचा स्लॅब वापरावा. माडाची एक झावळ सावलीत आली तरी अख्ख्या ओळीचे उत्पादन पडते.

अर्थिंग कातळावर नीट लागत नाही. रेझिस्टन्स पाच ओहमच्या आत आहे का ते मे महिन्यात मोजायला लावा. पावसाळ्यात जमीन भिजलेली असते, तेव्हाचा आकडा चांगलाच येतो.

व्हेंडरला द्यायचा शेवटचा हप्ता नेट मीटर बसून, पॅनेलचे सीरियल नंबर पोर्टलवर चढून सबसिडीची मागणी दाखल होईपर्यंत हातात ठेवा. ते काम व्हेंडरकडूनच करून घ्यायचे असते, आणि पूर्ण पैसे मिळाल्यावर त्याला घाई उरत नाही.