गॉड-पॉड शुगर किट: आधी ब्लँक बघा

इंदूरच्या लहान पॅथॉलॉजी लॅबमध्ये सेमी-ऑटो मशीनवर रक्तातली शुगर मोजायला रोज लागणारं हे किट. दवा बाजारात सहज मिळतं. किट चांगलं आहे, पण मे महिन्यात ते तुमच्यापर्यंत कसं पोचलं यावर बरंच ठरतं.

नावातच दोन एन्झाइमं आहेत. गॉड म्हणजे ग्लुकोज ऑक्सिडेज. ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन त्यातला एफएडी हा सहघटक घेतो आणि ऑक्सिजनच्या हवाली करतो. ग्लुकोजचं शेवटी ग्लुकॉनिक आम्ल होतं आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मग पॉड, म्हणजे पेरॉक्सिडेज, त्याच पेरॉक्साइडच्या जोरावर फिनॉल आणि ४-अमिनोअँटिपायरिन जोडतं. गुलाबी रंग येतो, तो ५०५ नॅनोमीटरवर वाचायचा.

१ मिली रिएजंट (किटमधलं एन्झाइमांचं द्रावण), १० मायक्रोलिटर प्लाझ्मा (पेशी वेगळ्या केलेला रक्ताचा द्रव), ३७ अंशांवर १० मिनिटं. ब्लँकवर, म्हणजे प्लाझ्मा न घातलेल्या रिएजंटवर, मशीन शून्य करा. १००च्या स्टँडर्डची (शुगर आधीच ठाऊक असलेल्या द्रावणाची) ओडी, म्हणजे रंगाच्या गडदपणाचा आकडा, ०.३० आणि पेशंटची ०.४२ आली, तर शुगर १४०. पिपेटच्या टोकाला बाहेरून चिकटलेला थेंब पुसला नाही तर १० मायक्रोलिटरचे सहज ११ होतात, आणि १४०चे १५४!

खोका आला की रिएजंट आधी पांढऱ्या कागदापुढे धरा. ताजं असेल तर जवळजवळ रंगहीन दिसतं. गुलाबी झाक असेल, पाण्यावर शून्य करून ब्लँकची ओडी ०.३च्या वर जात असेल, तर परत करा. बर्फाचे पॅक वितळलेला खोका तर घेऊच नका. २ ते ८ अंश ही अट वाटेतही लागू आहे.

रिडिंग चुकलं की सगळे किटला दोष देतात, अनेकदा उगाच. ब्लीचने धुतलेल्या ट्यूब नीट खंगाळल्या नसतील तर ब्लीच स्वतःच रंग आणतो, शुगर जास्त दिसते. व्हिटॅमिन सीचा मोठा डोस चालू असेल तर ते पेरॉक्साइड खातं, शुगर कमी दिसते. साध्या ट्यूबमध्ये पडून राहिलेल्या रक्तात शुगर तासाला ५ ते ७ टक्के उतरते, उन्हाळ्यात त्याहून वेगाने. ही उतरण थांबवायला ट्यूबमध्ये घालतात त्या फ्लोराइडलाही पकड घ्यायला तास-दोन तास लागतात, तेव्हा प्लाझ्मा लवकर वेगळा करा.

सोबतचं स्टँडर्ड संपलं म्हणून पावडरीतून बनवलंत तर लगेच वापरू नका. गॉडला ग्लुकोजचं बीटा रूपच चालतं आणि पावडर असते अल्फा रूपात; पाण्यात अल्फाचं हळूहळू बीटा होतं, म्हणून द्रावण निदान दोन तास मुरू द्या, नाहीतर स्टँडर्ड कमी वाचलं जाईल आणि सकाळचे सगळे पेशंट मधुमेही ठरतील.