एस्प्रेसो आणि चहा: पुण्यातल्या पाच ठिकाणांचा कस

नव्या कॅफेत गेल्यावर मी दोनच गोष्टी मागवतो, बिनसाखरेचा एस्प्रेसो आणि साधा चहा. हेझलनटचे सिरप, बर्फ, चॉकलेट आणि भरपूर दूध यांच्याखाली कमअस्सल कॉफी सहज खपून जाते, पण इवल्याशा कपातल्या एस्प्रेसोत तिला लपायला जागा उरत नाही. चहा मागवण्याचे कारण वेगळे आहे. कॅफेच्या मेनूकार्डावर चहा बहुधा शेवटच्या पानावर, कॉफी न पिणाऱ्या सासूबाईंची सोय म्हणून छापलेला असतो, आणि ज्या पदार्थाकडे कोणी बघणार नाही असे दुकानदाराला वाटते त्यात त्याची हयगय किंवा आस्था लवकर दिसते. या जुलै महिन्यात पुण्यातल्या पाच ठिकाणी मी प्रत्येकी दोनदा गेलो, एकदा आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी आणि एकदा रविवारी गर्दीच्या वेळी. दोष सांगायचे असल्यामुळे दुकानांची नावे देत नाही.

आधी मोजपट्टी सांगतो. एस्प्रेसो म्हणजे काळी पडेपर्यंत भाजलेली कडू कॉफी, असा समज आपल्याकडे अजून टिकून आहे. वास्तविक एस्प्रेसो हे भाजणीचे नाव नसून कॉफी काढण्याच्या रीतीचे नाव आहे. बारीक दळलेली पूड दाबून तिचा घट्ट थर करायचा आणि त्यातून ९० ते ९६ अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ९ बार दाबाने पाठवायचे. १८ ग्रॅम पुडीतून साधारण ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत निघावी, असा आजच्या बहुतेक चांगल्या कॅफेंचा प्रघात आहे. दळण जाड राहिले तर पाणी घाईने निसटते आणि कप आंबट, पाणचट लागतो. दळण फार बारीक झाले तर पाणी पुडीत अडकून राहते आणि जिभेवर राखेसारखा कडवटपणा रेंगाळतो. वरच्या तांबूस फेसाला, म्हणजे क्रेमाला, लोक फार भुलतात. दाब वाढवणारी आकिल्ले गाज्जा यांची तरफेची यंत्रे १९४० च्या दशकाच्या अखेरीस इटलीत आली तेव्हापासून हा फेस एस्प्रेसोची खूण मानला जातो, हे खरे. परंतु मिश्रणात रोबस्टा ही कॉफीची जात जास्त असली तरी फेस जाड येतो, आणि बिया दोनच दिवसांपूर्वी भाजलेल्या असल्या तरी त्यांत कोंडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो उगाचच फुगतो. त्यामुळे मी फेसाला गुण देत नाही. कप गरम आहे का हे हात लावून पाहतो, भाजणीची तारीख विचारतो, आणि कॉफी निवत गेल्यावर तिची चव सुधारते की बिघडते याकडे लक्ष देतो. वाईट एस्प्रेसो गरम असेपर्यंतच सहन होतो.

चहासाठीही मोजपट्टी आहे, आणि ती चक्क आंतरराष्ट्रीय आहे. आयएसओ ३१०३ या मानकानुसार चव तपासण्यासाठी १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम पत्ती घालून ती ६ मिनिटे ठेवायची असते. हीच रीत सहा पानांत सांगणाऱ्या ब्रिटिश मानकसंस्थेला १९९९ साली साहित्याचे इग नोबेल, म्हणजे थट्टेचे पारितोषिक, मिळाले होते. थट्टा रास्तच होती, कारण त्या रीतीने केलेला चहा प्यायला कोणी बसणार नाही. वेगवेगळे नमुने एकाच कसोटीवर तपासता यावेत एवढाच तिचा हेतू आहे. दुधात उकळलेल्या आपल्या चहाला ते मानक जसेच्या तसे लागू पडत नाही. तरी पत्ती किती, पाणी किती गरम आणि वेळ किती, हे तीन प्रश्न आपल्या चहालाही विचारता येतात, आणि मी तेच विचारले.

प्रभात रस्त्याच्या एका गल्लीतल्या, स्वतः बिया भाजणाऱ्या कॅफेत एस्प्रेसोने मला निरुत्तर केले. बिया चिकमगळूरच्या होत्या, भाजणीला बारा दिवस झाले होते, आणि पूड तराजूवर तोलल्याशिवाय यंत्राला लावली जात नव्हती. पहिल्या घोटाला संत्र्याच्या सालीसारखा आंबूसपणा, मग गुळाच्या काकवीची आठवण करून देणारी गोडी, आणि कप निवल्यावर ती गोडी आणखी स्पष्ट. रविवारी संध्याकाळी रांग दारापर्यंत असतानाही कप जवळजवळ तसाच आला, ही मला अधिक मोठी गोष्ट वाटते. त्यानंतर चहा आला. कपात कोमट पाणी, शेजारी बशीत कागदी वेष्टनातली टी-बॅग, एका लहानशा भांड्यात थंड दूध, आणि किंमत १४० रुपये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्यामुळे इथे पाणी मुळातच ९८ अंशांच्या आसपास उकळते. ते यंत्राच्या नळातून थंड कपात पडून, टेबलापर्यंत पोहोचून, मग कोणीतरी वेष्टन फाडून पिशवी त्यात सोडेपर्यंत काळ्या चहाला लागणारी आच त्यात उरलेली नसते. पाण्यात रंग उतरतो, जोर उतरत नाही. कॉफीची पूड दशांश ग्रॅमपर्यंत तोलणाऱ्या हातांनी हा कप माझ्यापुढे ठेवला, याचे वाईट वाटले.

बाणेरला कार्यालयांच्या इमारतीखाली असलेल्या एका साखळी दुकानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. बटण दाबले की दळण्यापासून ओतण्यापर्यंत सगळे करणारे यंत्र, तेलकट चकाकी येईपर्यंत भाजलेल्या बिया, दोन्ही वेळा तंतोतंत सारखाच कडू एस्प्रेसो. चहा तयार मिश्रणाचा, त्यात वेलचीचा अर्क आणि साखर आधीच घातलेली. बिनसाखरेचा मिळेल का, असे विचारल्यावर मुलाने यंत्राकडे आणि मग माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यात उत्तर आले.

सर्वांत जास्त वेळ मी लॉ कॉलेज रस्त्याजवळच्या एका लहान कॅफेत घालवला. हे पाचांपैकी एकमेव ठिकाण, जिथे चहाला कॉफीइतकाच मान होता. दार्जिलिंगची वसंतातली पहिली खुडणी सुट्या पत्तीत, काचेच्या किटलीत, सोबत तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ. आणि पाणी मुद्दाम उकळीच्या खाली ठेवलेले, कारण ही कोवळी पत्ती खळखळत्या पाण्यात तुरट होते. दूध मागितले तर देतात, पण आधी एक घोट तसाच घेऊन पाहा असे आर्जवाने सांगतात. मला हा आग्रह आवडला. माझ्या शेजारच्या टेबलावरील आजोबांना आवडला नाही, त्यांनी दूध आणि दोन चमचे साखर घालून तो चहा आनंदाने प्यायला.

याच कॅफेतला एस्प्रेसो मात्र बुधवारी सुरेख आणि रविवारी आंबट होता. बिया त्याच, यंत्र तेच, करणारी मुलगीही तीच. मी घड्याळ लावून पाहिले, तर धार १७ सेकंदांतच संपली होती. पावसाळ्यात सकाळची हवा आणि दार सतत उघडे राहिलेल्या भरल्या दुकानातली दुपारची हवा यांतला दमटपणा सारखा नसतो. कॉफीची पूड तो शोषून घेते, शिवाय सतत चालून ग्राइंडरची पाती तापतात, आणि सकाळी ठरवलेले दळण दुपारी लागू पडेनासे होते. म्हणूनच चांगला बरिस्ता, म्हणजे कॉफी करणारा, दिवसातून तीन-चारदा एखादा कप काढून, चाखून, ओतून देतो आणि दळण पुन्हा जुळवतो. मी हे तिला हळूच सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘कळतंय मला, पण रविवारी एक कप फेकायलाही वेळ मिळत नाही.’ तिचे म्हणणे मला पटले. तरीही १८० रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाईकाने हवेचा हिशेब का चुकता करावा, हा प्रश्न उरतोच, आणि दुसरा हात कामाला ठेवणे हे मालकाचे काम आहे, तिचे नव्हे.

चौथे ठिकाण शनिवार पेठेतले अमृततुल्य. इथे एस्प्रेसो नाही हे उघड आहे. तरी त्याला या यादीत मी जाणूनबुजून घेतले, कारण पत्ती, आच आणि वेळ यांची सर्वांत काटेकोर शिस्त मला इथेच दिसली. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी पुण्यात रुजवलेली ही पद्धत आहे. ओट्यावर मांडी घालून बसलेला माणूस, पुढ्यात पितळी पातेले, बाजूला लहानसा खलबत्ता. आले आणि वेलची त्याच क्षणी कुटली जाते, साखर आधी विरघळते, मग पत्ती पडते, आणि दूध वर येऊ लागले की डावाने उपसून पुन्हा खाली सोडले जाते. वापरतात ती सीटीसी पत्ती, म्हणजे चिरडून, फाडून, वळवून केलेले दाणे. १९३० च्या सुमारास आसामात सुरू झालेली ही यंत्रपद्धत दुधाच्या चहाला जणू वरदान ठरली, कारण हे दाणे झटपट रंग आणि जोर देतात. त्यांतला तुरटपणा दुधातल्या केसीन या प्रथिनाशी बांधला जाऊन मवाळ होतो. मी उभ्या उभ्या सलग चार पातेली पाहिली. एकदाही जुन्या पत्तीवर नवे पाणी पडले नाही, फडक्यातून गाळला की चोथा थेट डब्यात. रविवारचा चहा आणि बुधवारचा चहा डोळे मिटून ओळखता आला नसता, आणि तो माणूस कशाचेही वजन करत नव्हता. उणीव एकच, साखर. ती इतकी असते की आल्याचा तिखटपणा पार घशात गेल्यावर जाणवतो, आणि बिनसाखरेचा मागितला तर पुढच्या पातेल्यापर्यंत थांबावे लागते. मी थांबलो.

कॅम्पातल्या इराण्याकडे अपेक्षेने गेलो होतो. डेक्कनच्या कोपऱ्यावरचे गुडलक १९३५ पासून चालू आहे, आणि तशा जुन्या इराणी चहाची चव पुण्यात वाढलेल्या माणसाच्या जिभेवर कायमची असते: दाट, कमी पाण्याचा, मसाला नसलेला. कॅम्पातल्या या दुकानात सकाळी साडेसातला तो तसाच मिळाला. रविवारी अकरा वाजता मात्र मंद आचेवर तासभर राहिलेल्या चहाचा रंग विटकरी झाला होता आणि जिभेला कात खाल्ल्यासारखा कोरडेपणा आला. बन मस्क्याने पुष्कळ सांभाळून घेतले. लोणी इतके होते की तुरटपणाची धार बोथट झाली, आणि आजूबाजूला कोणाचीच तक्रार नव्हती. इथे जायचे तर सकाळी लवकर जावे.

एस्प्रेसोसाठी मी प्रभात रस्त्यावर जाईन, दार्जिलिंगसाठी लॉ कॉलेज रस्त्याला, आणि चहाची तलफ आली तर शनिवार पेठेत. हा निकाल लिहून झाल्यावर एका पावसाळी दुपारी पुन्हा प्रभात रस्त्याच्या कॅफेत गेलो, तेव्हा गिऱ्हाईक कोणीच नव्हते आणि आतून आल्याचा वास येत होता. मी चहाबद्दल विचारले. काउंटरवरचा मुलगा मेनूकार्ड पुढे करता करता थांबला आणि म्हणाला, ‘काका, आमच्यासाठी टाकलाय आत, चालेल का?’ स्टीलच्या पेल्यात आला तो. कडक, बेताच्या साखरेचा, नुकता गाळलेला. पैसे विचारले तर म्हणाला, बिलात टाकायला त्याला नावच नाही.