डब्यावर क्रेन, वर्गात ट्रस

जळगावच्या फुले मार्केटमधल्या एका खेळण्यांच्या दुकानातून साडेचारशे रुपयांना हा सेट आणला. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, बारीक नट-बोल्ट, चार चाकं, एक पान्हा. डब्यावर क्रेनचं चित्र आहे, ती आम्ही कधी केलीच नाही. मी पॉलिटेक्निकला सिव्हिलच्या पोरांना शिकवतो, मला ट्रस हवा होता, म्हणजे पूल-छपराला असतो तसा पट्ट्यांच्या त्रिकोणांचा सांगाडा.

घेणार असाल तर आधी ऐका, बोल्ट गच्च आवळायचे नाहीत. ट्रसचा जॉइंट, म्हणजे पट्ट्या जुळतात तो सांधा, आपण पिनचा धरतो, म्हणजे पट्टी फिरलीच पाहिजे. एक नट सैल ठेवून त्याच्यावर दुसरा आवळला की जॉइंट फिरतो आणि सुटतही नाही. त्यामुळे नट दुप्पट लागतात, ते हार्डवेअरच्या दुकानातून आणा. आणि चौरस करू नका, कर्णाची भोकं जुळत नाहीत. शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर म्हणजे एक घर. आडवी पट्टी चार घरांची, उभी तीन घरांची घेतली की पाच घरांचा कर्ण बरोब्बर बसतो.

वर्गातलं सूत्र असं: मेंबर (पट्ट्या) अधिक रिअॅक्शन (टेकूंकडून येणारी बलं) बरोबर जॉइंटची दुप्पट. नुसती चौकट केली की मेंबर ४, रिअॅक्शन ३, बेरीज ७. जॉइंट ४, त्यांची दुप्पट ८. एक कमी पडला. मागच्या बाकावरून लगेच आवाज येतो, "हाई ते हालस, सर!" कर्ण टाकला की ८ बरोबर ८, आणि हलणं बंद. इथवर फळ्यावरही जमतं.

खरे पैसे वसूल होतात ते दोन खणांच्या, म्हणजे शेजारी-शेजारी दोन चौकटींच्या ट्रसवर. जॉइंट ६, मेंबर ९, एका टोकाला हिंज (फिरू देतो, सरकू देत नाही), दुसऱ्याला रोलर (आडवा सरकू देतो). ९ + ३ = १२, हिशोब चोख. आता दुसऱ्या खणातला कर्ण काढून पहिल्याच खणात उलटा लावा. बेरीज तीच १२. पण मधल्या खालच्या जॉइंटवर बोट दाबलं की ट्रस मधोमध बसतो. पहिल्या खणात एक जास्तीचा, दुसऱ्यात एक कमी. सूत्राला दोन्ही सारखेच. कर्ण परत जागेवर लावून खालच्या तिन्ही जॉइंटना चाकं लावली तरी १२च भरतात, आणि टिचकी मारली की सगळा ट्रस टेबलावरून चालू लागतो. तिन्ही रिअॅक्शन उभ्या, आडवं धरणारं कोणीच नाही. परीक्षेत सूत्र लिहून 'डिटरमिनेट, स्टेबल' (नुसत्या समतोलाच्या समीकरणांनी सुटणारा, न हलणारा) ठोकणाऱ्या पोरांना हे एकदा हातानं करू द्यावं.

आता दहावी पट्टी, म्हणजे एका खणात दुसराही कर्ण, घालून पाहा. भोक केसभर सरकलेलं असेल तर ती ओढून बसवावी लागते, म्हणजे भार नसतानाच मेंबरांत बल आलं. नऊच पट्ट्या असताना एखादी किंचित आखूड निघाली तर ट्रस आपला आकार जरा बदलून घेतो, तक्रार नाही. भुसावळला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा लोखंड वाढून काय करतं, हे इथूनच समजावता येतं.

उणं म्हणाल तर पत्रा पातळ आहे. ट्रस आडवा कलंडतो, दोन जाड वह्यांमध्ये उभा करावा लागतो. रिजिड फ्रेम (कोपरे न फिरणारी चौकट) शिकवायला सेट निरुपयोगी, एका बोल्टावर कोपरा काटकोनात टिकत नाही.

वर्गासाठी दोन सेट घ्या. कर्णाच्या सहा भोकांच्या पट्ट्या एकात पुरत नाहीत.