बटाट्याचं बेणं: अख्खं की कापलेलं?

वाशीच्या बाजारातला खायचा बटाटा बेण्याला, म्हणजे लावायच्या कंदांसाठी, नकोच. विषाणूरोग कंदावर सहसा दिसत नाहीत. प्रमाणित बेणं घेतलं, तरी अख्खं लावायचं की कापून, हा प्रश्न उरतो.

अख्खं म्हणजे 30 ते 50 ग्रॅमचे कंद. महाग पडतात, पण सड कमी. मुंबईत नोव्हेंबरातही माती ऊबदार असते, तिथे हा फरक मोठा. गच्चीवरच्या दहा पिशव्यांसाठी तर कापाकापी कशाला?

कापलेलं स्वस्त, मोठे कंद हाती असतील तर. शेंड्याकडून (डोळे दाट असलेलं टोक) देठाकडे (झाडाला जोडलेलं टोक) उभा काप द्यावा, म्हणजे शेंड्याचे जोमदार डोळे दोन्ही फोडींना मिळतात. फोड 30 ते 40 ग्रॅमची, किमान दोन डोळ्यांची. सावलीत दोन दिवस पसरून काप सुकू द्यावा. ओली फोड मातीत कुजते. खरा धोका सुरीचा. आत तपकिरी कडं आणि त्यातून पांढुरका चिकट द्रव दिसला, तर बटाटा फेका, सुरी निर्जंतुक करा. नाहीतर मर रोग पुढच्या फोडींत जातो.

कर्जतकडच्या वाडीत पुढच्या हंगामाचं बेणं धरायचं असेल, तर अख्खंच लावा. विषाणू पसरवणारा मावा (बारीक रसशोषक कीड) वाढण्याआधी पाला कापा आणि साल पक्की व्हायला कंद 10 ते 15 दिवस मातीतच ठेवा.