जुन्या गाडीचा सेल्फ आणि साडेसहाशेचा मल्टीमीटर, आठ महिन्यांनंतर

बुधवार पेठेतून साधा डिजिटल मल्टीमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचं यंत्र) घेतला, साडेसहाशेला. घरी आल्यावर बायको म्हणाली, झालं, अजून एक खेळणं आलं. पण करणार काय, गाडी २००३ ची पेट्रोल, सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक्, परत मारला की टक्, आणि पाचव्यांदा अशी चालू व्हायची की जणू काही झालंच नव्हतं. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलायला लावली, चार हजार गेले, पंधरा दिवसांत परत टक्. मग म्हणे सेल्फची मोटर खोलू. म्हटलं थांबा जरा.

बॅटरीला मीटर लावला, गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी फुल. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून मुलाला सेल्फ मारायला बसवलं तर रीडिंग ११.८ च्या खाली येईचना! बॅटरी खरंच गेलेली असती तर साडेनऊच्याही खाली आपटली असती, आणि इथे हेडलाइटसुद्धा मंद होत नव्हते. म्हणजे करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही, वाटेत अडकतोय. मग काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन इंजिनच्या उघड्या लोखंडावर आणि मार म्हटलं सेल्फ. इथे फार तर ०.२-०.३ व्होल्ट यायला पाहिजे, आले सहा!! म्हणजे व्होल्टेज परतीच्या वाटेतच खाल्ला जातोय. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी, वरून चकाचक, बोल्ट काढला तर लगच्या (पट्टीच्या टोकाच्या धातूच्या चकतीच्या) खाली नुसता हिरवा गंज. पॉलिश पेपरने जागा घासली, नवीन पट्टी १८० रुपयांची. पावसाळा आख्खा गेला, परत टक् नाही.

दिवाळीत दहा दिवस गावाला होतो, आलो तर बॅटरी उतरलेली. चार्ज करून मीटर दहा अँपियरवर मायनसच्या वायरमध्ये जोडला, गाडी लॉक केली, तरी १८० मिलीअँपियर जातायत. ५० च्या आत पाहिजे. एकेक फ्यूज उपसत गेलो, म्युझिक सिस्टिमचा काढला की थेट २० वर.

मीटरच्या तक्रारी आहेतच. वायरी फालतू, मगरचिमटे वेगळे घ्यावे लागले, बॅकलाइट नाही, आणि आकडा इतक्या सावकाश बदलतो की सेल्फ मारतानाचा सगळ्यात खालचा व्होल्टेज हमखास हुकतो, थोडे जास्त पैसे घालून मिनिमम धरून ठेवणारा घ्या. आणि अँपियरच्या जोडणीत चुकूनही सेल्फ मारू नका, सेल्फ शंभर अँपियरच्या वर ओढतो. मी मारला. मीटरचा फ्यूज पंचवीस रुपयाला मिळाला, शोधायला मात्र तीन दुकानं फिरलो.